आयर्विनचा आकडा

जुलै उजाडला की सांगलीत दोन माणसं भेटल्यावर आधी "आयर्विनला किती?" असं विचारतात, घरचं बरं-वाईट नंतर. उत्तर फुटांत येतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी फुटांचे आकडे रंगवलेले आहेत आणि पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते कुणालाही वाचता येतं. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरातली माणसं त्याच्याही आधी गाद्या-कपाटं हलवायला लागतात. मारुती चौकातल्या दुकानदाराचा स्वतःचा वेगळा हिशेब असतो: अमुक फुटाला पाणी रस्त्यावर, तमुक फुटाला दुकानाच्या पहिल्या फळीवर. २००५ ला पाणी चोपन्न फुटांच्या जवळ गेलं होतं, २०१९ ला साडेसत्तावन्न. शाळकरी पोरालाही हे आकडे पाठ असतात. १९२९ साली बांधलेल्या या पुलावरच्या मोजपट्टीला ना सिमकार्ड लागतं ना वीज, आणि तरी हे शहर सरकारी आकड्यांपैकी एकाच आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतं, तो हा.

आता त्याच माणसाला विचारा, काल तुमच्या नळाला किती लिटर पाणी आलं? तुमच्या भागातल्या टाकीत किती चढलं, किती उतरलं? वाटेत किती मुरलं? तो तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल. "आलं होतं की सकाळी, अर्धा तास." पुराचं पाणी आपण इंचात मोजतो आणि पिण्याचं पाणी मिनिटांत.

पाणी कमी आहे म्हणून हे असं होतं का? एक साधा गुणाकार करून बघू. सांगली, मिरज, कुपवाड मिळून २०११ च्या जनगणनेत पाच लाख लोक होते. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे केंद्र सरकारचं मानक. म्हणजे दिवसाला पावणेसात कोटी लिटर आणि वर्षाला सुमारे अडीच हजार कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. लोकसंख्या आज वाढली आहे हे धरलं तरी तीन गावांच्या या शहराची वर्षभराची तहान एक-सव्वा टीएमसीत भागावी. वर कोयनेत साठवण १०५ टीएमसीची. पेपरात रोज कोयनेचा साठा वाचून उसासे टाकणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हा भागाकार केला असेल? मीही पन्नाशी उलटल्यावर केला, आणि पहिल्यांदा वाटलं की शून्य चुकलं.

नदी घराशेजारून वाहते, धरण डोक्यावर आहे, आणि नळाला अर्धा तास पाणी. ही मधली तूट पाइपात आहे, पंपात आहे, वीजबिलात आहे आणि हिशेबात आहे. तंत्रज्ञान विकायला येणारी मंडळी नेमकं इथंच बोट ठेवतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. पाण्याच्या धंद्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत खरोखर खूप काही आलं आहे. पंपगृहापासून टाकीपर्यंतचं सगळं एका पडद्यावर दाखवणारी स्काडा यंत्रणा, रस्त्यावरून जाता जाता रेडिओलहरींनी वाचता येणारे मीटर, जमिनीखालची गळती आवाजावरून हुडकणारी उपकरणं, गरजेनुसार पंपाचा वेग कमी-जास्त करून वीज वाचवणारे ड्राइव्ह. आणि आता संगणकात पाइपांच्या सबंध जाळ्याचं जुळं भावंड उभं करणारा डिजिटल ट्विन. त्याच्या मागोमाग कृत्रिम बुद्धिमत्ता आलीच. ती नसेल तर हल्ली सादरीकरणाची पहिली स्लाइडही पुढे सरकत नाही.

या सगळ्याला माझा विरोध नाही. माझी तक्रार वेगळी आहे. जो आकडा लोकांसमोर येणार नाही, त्यासाठी घेतलेलं यंत्र दोन-तीन पावसाळ्यांत भंगारात जातं. ते बंद पडल्याचं कुणाला कळत नाही आणि कळलं तरी कुणाचं काही अडत नाही.

काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर गेलो होतो. वातानुकूलित खोली, भिंतभर पडदा, त्यावर निळ्या रंगाच्या टाक्या. एका टाकीवर पातळी लिहिली होती ३.४२ मीटर. दशांश चिन्हानंतरही दोन आकडे बघून मी भारावलो. तासाभरानं चहा पिऊन परत आलो तरी ३.४२. ऑपरेटरला विचारलं. तो लाजला नाही की दचकला नाही. "तो आकडा दिवाळीपासनं तेवढाच हाय साहेब. टाकी बघायची तर पोरगं वर चढवतो." वीज पडून सेन्सर गेला होता. देखभालीचा करार संपला होता. आणि दुसऱ्या एका टाकीवरचा सेन्सर ठणठणीत होता, पण त्याच्या सिमकार्डचं रिचार्ज कुणी करायचं यावर दोन विभागांत पत्रव्यवहार चालू होता. पाणी मात्र रोज सुटत होतं, कारण टाकीवर चढणारा पोरगा कामावर होता.

याच्या उलट उदाहरण आपल्याच भागात आहे आणि आपण ते पुरेसं सांगत नाही. कऱ्हाडच्या अंगाला लागून महामार्गावर मलकापूर आहे. तेव्हा नगरपंचायतीचं गाव, २०११ ला तीस हजारांच्या वर वस्ती. २००९ च्या सुमारास महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साथीनं या गावानं चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली. घराघराला मीटर, तोही लांबून रेडिओलहरींनी वाचता येणारा. जुने गळके जोड काढून नवे प्लास्टिकचे पाइप, गावाचे लहान लहान विभाग आणि जाळ्याचं गणित आधी संगणकावर मांडून मग खोदाई. बिल पायरीपायरीनं वाढणारं: थोडं वापराल तर स्वस्त, जास्त वापराल तर पुढच्या प्रत्येक लिटरला महाग. योजनेला पंतप्रधानांच्या नावाचा लोकप्रशासनातला पुरस्कारही मिळाला. त्या काळात मुंबई-पुण्याचे अभियंते हे बघायला इथं येत होते.

लोकांना वाटतं चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी. नेमकं उलटं होतं, आणि ते का होतं हे आपल्या स्वयंपाकघरात जाऊन बघावं. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात पिंप, बादल्या, हंडे, टाकी सगळं भरून ठेवतात. पुन्हा पाणी आलं की काल-परवाचं "शिळं" झालेलं ओतून देतात आणि ताजं भरतात. चांगलं, शुद्ध केलेलं, विजेचे पैसे मोजून चढवलेलं पाणी अंगणात! नळ उघडला की पाणी येणारच अशी खात्री असेल तर साठवायचं कशाला आणि ओतायचं कशाला?

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो. रिकाम्या पाइपात पोकळी तयार होते आणि शेजारून गटार वाहत असेल तर फुटक्या जोडातून ते आत ओढलं जातं. मग पुढच्या पाळीला पहिल्या पाच मिनिटांचं पाणी गढूळ येतं आणि काही दिवसांनी त्या गल्लीत काविळीचे, जुलाबाचे पेशंट दिसायला लागतात. शुद्धीकरण केंद्रात कितीही क्लोरीन घाला, गटाराशेजारच्या रिकाम्या पाइपाला त्याचं काय! पाइप कायम भरलेला आणि दाबाखाली राहिला तर गळती बाहेर होते, आत नाही. हे भौतिकशास्त्र आहे, त्याला कुठल्याही कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज नाही.

आणि मीटर! अर्धा तास पाणी येणाऱ्या गावात मीटर बसवले की महिनाभरात बोंब सुरू होते: "मीटर हवेवर फिरतोय." लोक खोटं बोलत नसतात. रिकाम्या पाइपात पाणी शिरतं तेव्हा पुढची हवा ढकलली जाते, ती नळातून फुसफुसत बाहेर पडते आणि जाताना मीटरचं चक्र फिरवून जाते. पेशव्यांच्या काळी कात्रजहून पुण्याला नळ आणला तेव्हा हवा सुटायला उच्छ्वास बांधले होते. आपण त्या हवेचं बिल लावतो. आधी मीटर आणि मग कधीतरी चोवीस तास पाणी, हा क्रमच चुकीचा आहे. निविदा मात्र बहुतेक याच क्रमानं निघतात, कारण मीटर खरेदी करता येतो. भरलेला पाइप कुठल्या दुकानात मिळतो?

मीटरला विरोध करणाऱ्यांचं आणखी एक म्हणणं असतं आणि ते मी हलक्यात घेत नाही. मीटर आला की मागून खासगी कंपनी येणार, पाण्याचा धंदा होणार, गरिबाचा नळ तुटणार. नागपुरात चोवीस तास पाण्याचं काम खासगी कंपनीकडे गेलं आणि त्यावर तिथं बरंच रणकंदन झालं. भीती आकाशातून पडलेली नाही. पण मलकापूरची योजना नगरपंचायतीची होती. ओडिशात पुरीला २०२१ मध्ये थेट नळाचं पिण्याजोगं पाणी चोवीस तास मिळू लागलं, तेही सरकारी यंत्रणेनं दिलं. आणि तिथं मीटर वाचायला, पाणी तपासायला, बिल गोळा करायला वस्तीतल्याच बायका नेमल्या, त्यांना जलसाथी म्हणतात. मीटर कुणाच्या हातात असावा हा राजकीय प्रश्न आहे, त्यावर जरूर भांडावं. पण मोजमापच नको म्हटलं तर फायदा गरिबाचा होत नाही. ज्याच्या घराला दीड हॉर्सपॉवरची मोटर आहे आणि जो थेट नळाला ती लावून शेजाऱ्याच्या वाट्याचं ओढतो, त्याचा होतो. आपल्या गल्लीत असं कुणी नाही म्हणता? सकाळी साडेसहाला कान देऊन ऐका.

आता कारखान्यांकडे वळू. इथं मला आपल्या भागातलाच एक शब्द कामाला येतो: काटामारी, म्हणजे वजनात मारणं. ऊस उत्पादकाला समजावून सांगायला नको. कारखान्याचा काटा, कारखान्याच्या आवारात, कारखान्याच्या माणसाच्या हातात. म्हणून शेतकरी वाटेत खासगी काट्यावर गाडी चढवून वजन करून घेतो, आणि शेतकरी संघटना डिजिटल काट्यांसाठी, त्यांच्या अचानक तपासणीसाठी वर्षानुवर्षं भांडतात. काटा डिजिटल झाला म्हणून भांडण संपलं नाही. कारण शंका काट्याच्या तंत्रावर कधीच नव्हती, ती मालकीवर होती.

हीच नजर सांडपाण्याच्या मोजमापाला लावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१४ साली जास्त प्रदूषण करणाऱ्या सतरा प्रकारच्या उद्योगांना सांगितलं की सांडपाण्यावर चोवीस तास मोजणारी ऑनलाइन यंत्रणा बसवा आणि तिचे आकडे थेट मंडळाकडे पाठवा. साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या या यादीत आहेत. कल्पना उत्तम. पूर्वी वर्षातून दोन-चारदा निरीक्षक यायचा, बाटली भरून न्यायचा, आणि तो येणार हे बहुधा आधी कळायचं. आता दर पंधरा मिनिटांनी आकडा जाऊ शकतो.

पण सेन्सर कारखान्याचा, कारखान्याच्या आवारात, देखभाल कारखान्यानं ठेवलेल्या ठेकेदाराची. सेन्सर पाण्याच्या बाहेर काढून ठेवला तर तो हवा मोजतो. त्याच्याभोवती चांगल्या पाण्याची बादली ठेवली तर बादली मोजतो. सेन्सर ज्या पाइपावर आहे त्यातून न जाता दुसऱ्या वाटेनं रात्री नाल्यात गेलेलं पाणी तर त्याच्या आयुष्यात येतच नाही. सगळे कारखाने असं करतात असं मी म्हणत नाही, चांगली यंत्रणा जिवापाड सांभाळणारे मला माहीत आहेत. म्हणणं इतकंच की उसाच्या काट्याला जी शंका आपण हक्कानं लावतो, ती सांडपाण्याच्या काट्याला लावायला कचरतो. ऊस आपला असतो आणि नदी सगळ्यांची असते म्हणून असेल. मळी नदीत आली, मासे तरंगले, फोटो निघाले, नमुने गेले, नोटिसा गेल्या. त्या आठवड्यातले सेन्सरचे आकडे काय होते हे नदीकाठच्या अंकलीच्या किंवा हरिपूरच्या माणसाला तिथल्या तिथं मोबाइलवर बघता येतं का? यायला हवं. शंका मोडायचा दुसरा उपाय मला सुचत नाही.

साखर कारखान्याच्या बाबतीत तर हे जास्तच खटकतं, कारण हा असा उद्योग आहे जो नीट चालवला तर स्वतःचं पाणी स्वतः आणतो. उसाच्या वजनातला जवळजवळ सत्तर टक्के भाग पाणी असतो. रोज पाच हजार टन गाळप करणारा कारखाना म्हणजे उसाच्या पोटातूनच पस्तीस लाख लिटर पाणी दारात घेतो. त्यातलं काही बगॅसमध्ये, म्हणजे चिपाडात राहतं, पण निम्म्याहून अधिक रस आटवताना वाफ होऊन निघतं. ती वाफ थंड करून, स्वच्छ करून परत वापरली तर नदीतून उपसायचं कारणच फार कमी उरतं. २०१६ च्या केंद्राच्या नियमांनी टनाला शंभर लिटर प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणि शंभर लिटर कूलिंगचं पाणी एवढीच मुभा ठेवली आहे. हे जमणारं आहे. इथं तंत्रज्ञानाची खरी मजा आहे आणि इथं मी विक्रेत्याच्या बाजूनं उभा आहे: वाफेचं पाणी स्वच्छ करणारं चांगलं कन्डेन्सेट पॉलिशिंग युनिट बसवलेला कारखाना बघणं हा मला तरी देवदर्शनाइतका आनंद देतो.

शहराच्या सांडपाण्याचंही तसंच. सांगलीचा शेरीनाला हे कृष्णेच्या कपाळावरचं जुनं दुखणं. ते पाणी उचलून धुळगावकडे नेऊन शेतीला द्यायची योजना झाली. विचार अतिशय योग्य होता. नागपूरनं शहराचं मैलापाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला दिलं, त्यामुळे तेवढं धरणाचं पाणी वाचलं. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या ज्या कामाला पिण्याच्या दर्जाचं पाणी लागतच नाही, तिथं कृष्णेचं ताजं पाणी का जावं? उत्तर साधं आहे: ताजं पाणी अजून स्वस्त पडतं. दर ठरवणं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या हातात आहे, त्यासाठीचा कायदा राज्यानं २००५ सालीच केला आहे. यंत्रणेचा पडदा घात करो न करो, दरपत्रक नक्की करतं.

इथं थोडं थांबून वरच्या अंगाला, दुष्काळी तालुक्यांकडे बघायला हवं. सांगली जिल्ह्याची गोष्ट नदीकाठापुरती सांगितली तर आटपाडी-जतची माणसं रागावतील, आणि ते बरोबरच आहे. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून चढावर न्यायचं. पंप बनवण्यासाठी देशभर नाव झालेली किर्लोस्करवाडी याच जिल्ह्यात असावी हा योगायोग मला नेहमी छान वाटतो. पण पंपाला वीज लागते. वीजबिल थकलं की योजना बंद, मग मोर्चा, मग पाणी. हे चक्र एका पिढीनं पाहिलं. पुढे बिलाचे ८१ टक्के सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी द्यायचे असं ठरलं तेव्हा कुठे जरा सुरळीत झालं.

शेतकरी आपला वाटा कसा देतो? बराचसा उसाच्या बिलातून कापून. पीक आणि क्षेत्र यावर आकारणी. प्रत्यक्ष किती पाणी मिळालं याचा त्यात सहसा संबंध नाही. कालव्याच्या तोंडाला बसलेल्याला धो धो आणि शेपटाला असलेल्याला फक्त पावती. आकारणी एकाच दरानं. टेंभूनं बऱ्याच भागात उघड्या पाटांऐवजी जमिनीखालून बंद पाइपातून पाणी द्यायला घेतलं आहे. पाइप आला की बाष्पीभवन, झिरपणं, वाटेतली चोरी कमी होते, आणि मुख्य म्हणजे पाणी मोजता येतं. तोंडाचा आणि शेपटाचा हिशेब पहिल्यांदा कागदावर येऊ शकतो. पाणीवापर संस्थांना घनमापानं पाणी द्यायचा कायदाही राज्यात २००५ पासून आहे. इतकी वर्षं अडचण होती ती मोजण्याची. ती दूर होतेय, म्हणजे आता नुसती इच्छा उरते.

आणि इच्छा काय असू शकते हे याच मातीनं दाखवलं आहे. येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी चळवळ करून बळीराजा धरण बांधलं ते ऐंशीच्या दशकात. नदीची वाळू लुटली जात होती, तिच्यावर गावाचा हक्क सांगून पैसा उभा केला. पाण्यावर हक्क जमिनीच्या एकरांवर ठरवायचा नाही, कुटुंबाला समान, हे तत्त्व. पुढे नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीच्या पाणी परिषदांनी तीच मागणी तेरा तालुक्यांपर्यंत नेली. त्या माणसांकडे सेन्सर नव्हते, पण वाटपाचा नियम होता आणि तो भर सभेत ठरलेला होता. आज सेन्सर आहेत. नियम कुठल्या सभेत ठरतोय?

पुराबद्दल दोन वाक्यं, कारण त्यावर खूप लिहून झालं आहे. कृष्णा-भीमा खोऱ्यांत पाऊस आणि पातळी आपोआप कळवणारी केंद्रं बसली, २०१९ च्या महापुरानंतर वडनेरे समितीचा अहवाल आला, आता जागतिक बँकेच्या मदतीनं पूरनियंत्रणाचा मोठा कार्यक्रमही आहे. हे सगळं हवंच, पण अंदाज "एवढे क्युसेक विसर्ग" अशा भाषेत आला तर नदीकाठच्या ब्रह्मनाळच्या माणसाला त्याचं काय करायचं ते कळत नाही. "उद्या दुपारी आयर्विनला अमुक फूट, तुमच्या गावच्या पाराला अमुक" असा आला तर तो रात्रीच जनावरं सोडतो.

आकड्याला लोकांच्या भाषेत आणायची एक सवय आपल्या ग्रामीण भागाला आहे आणि शहरांनी ती उचलावी. गावचं पाणी कितपत सुरक्षित आहे ते बघून जिल्हा परिषद ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देते. जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालतो, नळाच्या पाण्याची क्लोरीनसाठी ओटी टेस्ट करतो, रंग पिवळा आला की क्लोरीन आहे. गावच्या निवडणुकीत लाल कार्डावरून सरपंचाला घेरलेलं मी ऐकलं आहे. मिलिग्रॅम प्रतिलिटर या मापावरून कुणी घेरलं असतं का?

म्हणून मागणी करायची तर मी अशी करीन. प्रत्येक टाकीखाली एक फळा: काल टाकीत आलेलं पाणी, गेलेलं पाणी, आणि रात्री दोन ते चारच्या दरम्यान गेलेलं पाणी. हा तिसरा आकडा फार बोलका असतो. त्या वेळी गाव झोपलेलं असतं, तरी पाणी जात असेल तर ते गळतीत जातंय. फळा खडूनं लिहिलेला असला तरी चालेल. सेन्सरनं आपोआप भरला तर फारच उत्तम. प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर तसाच एक, नदीतून घेतलेलं आणि सोडलेलं पाणी सांगणारा. आकडा चुकला तर लोक हसतील, भांडतील, आणि त्या भांडणापायी का होईना सिमकार्डाचं रिचार्ज वेळेवर होईल.

यावर एक आक्षेप प्रामाणिक अभियंते घेतात. आकडे उघडे केले तर राजकारण होईल, अमुक वॉर्डाला जास्त आणि आम्हाला कमी असं सुरू होईल. होईलच. आता काय होत नाही? फरक एवढाच की आता ते व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसावर होतं. लोखंडी सळई पाइपाला टेकवून दुसरं टोक कानाला लावणारा, नुसत्या आवाजावरून गळती सांगणारा हा माणूस आपल्या सगळ्या पाणीपुरवठ्याचा चालता-बोलता डिजिटल ट्विन आहे. कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा हे त्याच्या मनगटात आहे. त्याला नगरसेवक शिव्या देतो, बायका शिव्या देतात, आणि तो निवृत्त झाला की सगळं जाळं त्याच्याबरोबर घरी जातं. नव्या यंत्रणेचं पहिलं प्रशिक्षण त्याला दिलं पाहिजे आणि पहिली माहिती त्याच्याकडून घेतली पाहिजे. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी प्रशिक्षणाला साहेब हॉटेलात जातात.

जाता जाता. माझी मुलगी राहते त्या दुसऱ्या एका गावात पाणीपुरवठ्याची नवी यंत्रणा बसली, उद्घाटन झालं, पेपरात फोटो आले. तिच्या टाकीचा रोजचा आवक-जावक आकडा मी सहज विचारायला गेलो तर माहिती अधिकारात अर्ज करा म्हणाले. केला. मुदत संपता संपता उत्तर आलं, रीतसर शिक्का मारलेलं, दोन पानं. एका महिन्याचा तक्ता. तारखेचा रकाना, वेळेचा रकाना, आणि "प्रवाह (घनमीटर)" असा छापील मथळा असलेला तिसरा रकाना. त्यात तीस ओळींत, एकाच हातानं, एकाच पेनानं, एकच शब्द लिहिला होता: सुरळीत.